‘मैल’ या शब्दाचे अर्थांतर : विमानकंपन्यांच्या निष्ठायोजनांचा इतिहास, १९८१ ते २०२५

१

शब्द तोच राहतो आणि त्याने दाखविलेली वस्तू बदलते, हा भाषेच्या इतिहासातील नित्याचा अनुभव आहे. ‘रुपया’ हा शब्द चांदी या अर्थाच्या ‘रूप्य’ शब्दाशी निगडित आहे. आजच्या रुपयात चांदीचा अंशही नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली आणि पुढे आणा व्यवहारातून गेला, तरी ‘सोळा आणे खरे’ असे आपण अजून म्हणतो. रस्त्यांवर मैलांची जागा किलोमीटरने घेतली, तरी एखाद्या कार्याचा गौरव करताना ‘मैलाचा दगड’ हाच शब्दप्रयोग लेखणीतून उतरतो. नाणे आणि माप बदलले ते सरकारी आज्ञेने, हे खरे. परंतु त्यानंतर ‘सोळा आणे’ आणि ‘मैलाचा दगड’ यांना जो अर्थ राहिला, तो भाषा बोलणाऱ्या समाजाने आपल्या वापरातून ठरविला. त्यावर कोणा एकाची मालकी नव्हती.

प्रस्तुत लेखात ज्या ‘मैला’चा विचार करावयाचा आहे त्याची कथा याहून निराळी आहे. विमानकंपन्या आपल्या नित्याच्या प्रवाशांना बक्षीस आणि दर्जा देण्यासाठी ज्या योजना चालवितात, बोलीत ज्यांना ‘लॉयल्टी प्रोग्रॅम’ म्हटले जाते, त्यांना या लेखात आपण निष्ठायोजना म्हणू. या योजनांत १९८१ साली ‘मैल’ हा शब्द आला तो अंतराचे माप म्हणून. पुढील पस्तीस वर्षांत तो प्रथम चलनाचे नाव झाला आणि नंतर तिकिटासाठी मोजलेल्या पैशाचे. हा बदल लोकांच्या तोंडी हळूहळू झाला नाही. ज्यांनी तो शब्द योजिला होता त्याच कंपन्यांनी, जाहीर केलेल्या तारखांना, आपल्या नियमावलीतून तो घडविला. म्हणून या योजनांचा इतिहास केवळ व्यापाराच्या अभ्यासकांपुरता राहत नाही. शब्दाचा अर्थ कोणाच्या ताब्यात असतो, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. आणि त्या प्रश्नाच्या उत्तरावर अनेकांचा प्रत्यक्ष लाभ किंवा तोटा अवलंबून राहिला आहे.

२

व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाला खरेदीच्या प्रमाणात काही चिन्ह द्यावे आणि पुरेशी चिन्हे साठली म्हणजे त्याबदली वस्तू द्यावी, ही कल्पना विमानाहून जुनी आहे. अमेरिकेत स्पेरी अँड हचिन्सन या कंपनीने १८९६ पासून अशी हिरवी तिकिटे चालविली. दुकानदार ती विकत घेई, गिऱ्हाइकाला देई, आणि गिऱ्हाईक ती वहीत चिकटवून ठेवी. पैशाने तिकीट आणि तिकिटाने वस्तू, असा तो सरळ हिशेब होता. विमानकंपन्यांनी मात्र मोजण्यासाठी पैसा न निवडता अंतर निवडले. ते का, हे समजण्यासाठी १९७८ पूर्वीची स्थिती पाहिली पाहिजे.

अमेरिकेत १९३८ च्या कायद्यापासून नागरी विमानवाहतुकीचे नियंत्रण सरकारी मंडळाकडे होते. कोणत्या कंपनीने कोणत्या मार्गावर जावे आणि भाडे किती आकारावे, हे सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड ठरवीत असे. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात या मंडळाने देशांतर्गत भाड्यांची विस्तृत चौकशी केली आणि भाडे ठरविण्याचे एक सूत्र घालून दिले. त्यात एक स्थिर आकार आणि त्यावर दर मैलामागे, लांबीनुसार कमी होत जाणारा आकार, अशी मांडणी होती. म्हणजे किती मैल गेलात हे कळले की भाडे किती दिलेत याचा अंदाज करता येई. अंतर आणि पैसा ही दोन मापे त्या काळी जवळजवळ समांतर चालत होती.

२४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी विमानवाहतूक नियंत्रणमुक्त करणाऱ्या कायद्यावर सही केली. भाडे ठरविण्याची मोकळीक कंपन्यांना मिळू लागली. १९८४ च्या अखेरीस ते मंडळही बंद झाले. नव्या स्वस्त कंपन्या निघाल्या आणि एकाच विमानातील शेजारच्या दोन प्रवाशांनी निरनिराळे भाडे दिलेले असणे नेहमीचे झाले. प्रवाशाला आता निवड होती. त्यामुळे त्याला धरून ठेवण्याची गरज निर्माण झाली.

१ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘अॅडव्हान्टेज’ ही योजना सुरू केली. नित्याचे प्रवासी कोण, हे शोधण्यासाठी कंपनीने आपल्या ‘सेबर’ या संगणकीय आरक्षणव्यवस्थेतील नोंदी चाळल्या. त्याच महिन्यात युनायटेडने ‘मायलेज प्लस’ आणली. डेल्टा आणि टीडब्ल्यूए यांनीही त्याच वर्षी आपापल्या योजना काढल्या. जितके मैल उडावे तितके मैल खात्यावर जमा व्हावेत, आणि ठराविक मैल साठले की फुकट तिकीट किंवा वरच्या वर्गात जागा मिळावी, असे त्यांचे साधे रूप होते.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. अंतर हे भाड्याचे विश्वसनीय चिन्ह होते ते नियंत्रणाच्या काळात. कंपन्यांनी ते चिन्ह उचलले ते नियंत्रण उठल्यावर, म्हणजे अंतर आणि भाडे यांची फारकत सुरू झाली नेमक्या त्याच वेळी. या योजनांच्या जन्मातच पुढील बदलाचे बीज होते, असे म्हणावयास हरकत नाही. तथापि १९८१ साली त्याची अडचण कोणालाच जाणवली नाही. त्या सुमारास अमेरिकन विमानांतील सरासरी दहापैकी चार जागा रिकाम्या जात असत. रिकाम्या जागेवर बक्षिसाचा प्रवासी बसविला तर कंपनीचा खर्च नगण्य होता.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. ‘मैल’ हे माप कंपनीने निर्माण केलेले नव्हते. रोमन लोकांच्या सहस्र पावलांपासून निघालेले आणि इंग्लंडात १५९३ च्या कायद्याने ५,२८० फुटांचे ठरलेले ते सार्वजनिक माप होते. दोन शहरांतील अंतर नकाशावर पाहता येई. खात्यावरचा आकडा बरोबर आहे की नाही, हे प्रवाशाला कंपनीला न विचारता पडताळता येत होते. किमान पाचशे मैलांची हमी किंवा नव्या सभासदाला दिलेले जादा मैल यांसारखे अपवाद प्रारंभापासून होते. परंतु शब्दाची अभिधा शाबूत होती. मैल म्हणजे मैल, असे प्रवासी म्हणू शकत होता.

३

या अभिधेला पहिला धक्का १९८७ साली बसला. त्या वर्षी सिटीबँकेने अमेरिकन एअरलाइन्सच्या सहकार्याने क्रेडिट कार्ड काढले. कार्डावर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे एक मैल खात्यावर जमा होऊ लागला. किराणा घेतला तरी मैल, दवाखान्याचे बिल दिले तरी मैल. बँक हे मैल कंपनीकडून विकत घेई. म्हणजे हिरव्या तिकिटांची जुनी पद्धत पुन्हा आली, फक्त तिकिटाचे नाव आता ‘मैल’ होते. पुढल्याच वर्षी डेल्टाने तिप्पट मैल देण्याची योजना काढली आणि प्रतिस्पर्ध्यांनी तिचे अनुकरण केले. एक मैल उडून तीन मैल मिळू लागले, तेव्हा मिळणारा मैल आणि उडालेला मैल या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे उघड झाले. ब्रिटनमध्ये १९८८ साली ‘एअर माइल्स’ या नावाची योजना निघाली. तिच्यात तर दुकाने, पेट्रोलपंप आणि बँका यांच्याकडूनच मैल मिळत असत.

१९९९ साली कॅलिफोर्नियातील एका अभियंत्याने या स्थितीचा तर्कशुद्ध शेवट गाठला. एका खाद्यपदार्थ कंपनीने आपल्या पाकिटांवरील चिन्हांच्या बदली मैल देऊ केले होते. या गृहस्थाने हिशेब करून पुडिंगचे १२,१५० कप विकत घेतले आणि सुमारे साडेबारा लाख मैल मिळविले. त्याने कोणताही नियम मोडला नव्हता. शब्दाचा नवा अर्थ त्याने इतरांपेक्षा आधी ओळखला, एवढेच.

संस्कृत साहित्यशास्त्राच्या भाषेत हा लक्षणेचा प्रवास आहे. प्रथम ‘मैल’ या शब्दाने अंतर कळे. मग अंतराबद्दलचे बक्षीस कळू लागले. शेवटी अंतराचा संबंध सुटून बक्षीसच उरले आणि लक्षणा रूढ झाली. अशा वेळी भाषेत एक ठराविक लक्षण दिसते. जुना अर्थ सांगावयाचा झाला तर त्याला विशेषण लावावे लागते. वनस्पती तूप घरोघर आले तेव्हा नुसत्या ‘तूप’ शब्दाने भागेना; साजूक की कसे, हे सांगणे भाग पडले. निष्ठायोजनांतही तेच झाले. खर्च करता येणारे मैल निराळे आणि दर्जा मिळविण्यासाठी मोजले जाणारे मैल निराळे, अशी विभागणी नियमावलीत आली. ज्यांना खरोखर अंतराशी काही नाते होते त्या मैलांनाच ‘पात्रतेचे मैल’ असे वेगळे नाव धारण करावे लागले.

४

चलन म्हटले की त्याची किंमत कोण ठरविणार, हा प्रश्न येतो. १९८८ साली अमेरिकन एअरलाइन्सने बक्षिसाच्या जागांच्या संख्येवर आणि तारखांवर नव्या मर्यादा घातल्या, आणि त्या आधीच साठविलेल्या मैलांनाही लागू केल्या. इलिनॉय राज्यातील काही सभासदांनी न्यायालयात धाव घेतली. ‘अमेरिकन एअरलाइन्स विरुद्ध वोलेन्स’ या नावाने हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९५ साली निकाल लागला. १९७८ च्या कायद्याने विमानकंपन्यांचे भाडे, मार्ग आणि सेवा यांवर राज्यांनी नियम करण्यास मनाई केली होती. त्यामुळे राज्याच्या ग्राहकसंरक्षण कायद्याखाली या तक्रारीला जागा नाही, असे न्यायालयाने ठरविले. मात्र कंपनीने स्वतः दिलेले वचन मोडले असेल, तर कराराच्या भंगाबद्दल दाद मागता येईल, एवढी वाट त्याने मोकळी ठेवली.

ही वाट किती अरुंद आहे, हे दुसऱ्या एका खटल्याने दाखविले. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या योजनेत वरची श्रेणी मिळविलेले मिनेसोटातील एक धर्मगुरू, रब्बी बिन्यामिन गिन्सबर्ग, यांचे सभासदत्व कंपनीने २००८ साली रद्द केले. त्यांनी सात महिन्यांत २४ तक्रारी केल्या, हे कंपनीने दिलेले कारण होते. योजनेचा गैरवापर झाला की नाही, हे आपल्या एकट्याच्या निर्णयाने ठरविण्याचा अधिकार कंपनीने नियमावलीत राखून ठेवला होता. प्रत्येक करारात सद्‌बुद्धीने आणि न्यायाने वागण्याचे एक अध्याहृत बंधन असते, असा गिन्सबर्ग यांचा दावा होता. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने अमान्य केला. मिनेसोटाच्या कायद्यातील ते अध्याहृत बंधन उभय पक्षांच्या संमतीतून येत नसून राज्याने लादलेले आहे, आणि म्हणून १९७८ च्या कायद्यापुढे ते टिकत नाही, असा त्याचा आशय होता.

भाषाभ्यासकाला या दोन निकालांत एक तत्त्व दिसते. करारात जे शब्द लिहिले आहेत तेवढेच बंधनकारक; आणि त्या शब्दांत ‘आम्ही नियम केव्हाही बदलू शकतो’ हेही वाक्य असते. ‘मैल’ या शब्दाचा सामान्य माणसाच्या मनातील अर्थ, त्याने वर्षानुवर्षे धरलेली अपेक्षा, यांना न्यायालयात वजन राहिले नाही. शब्द सर्वांचा आणि अर्थ एका पक्षाचा, अशी ही स्थिती आहे.

५

इतके झाले तरी प्रत्यक्ष उड्डाणाबद्दल मिळणारे मैल २०१० पर्यंत बहुतेक मोठ्या कंपन्यांत अंतरावरच मोजले जात होते. ते बदलण्याची सुरुवात लहान किंवा नव्या कंपन्यांनी केली. व्हर्जिन अमेरिका या कंपनीने २००७ पासून भाड्यावर आधारलेले पॉइंट दिले. जेटब्लूने २००९ साली आणि साउथवेस्टने मार्च २०११ मध्ये तीच पद्धत स्वीकारली. या तिन्ही कंपन्यांनी आपल्या एककाला ‘पॉइंट’ म्हटले. त्यांच्या बाबतीत शब्द आणि वस्तू यांत निदान विसंवाद नव्हता.

मोठ्या कंपन्यांचा मार्ग निराळा होता. डेल्टाने १ जानेवारी २०१५ पासून, युनायटेडने १ मार्च २०१५ पासून आणि अमेरिकनने १ ऑगस्ट २०१६ पासून खर्चावयाचे मैल अंतराऐवजी भाड्याच्या डॉलरांवर मोजावयास प्रारंभ केला. साध्या सभासदाला डॉलरमागे ५ मैल, आणि सर्वांत वरच्या श्रेणीच्या सभासदाला ११ मैल. मैलाचा मैलाशी असलेला अखेरचा धागा येथे तुटला. पण नाव ‘मैल’ हेच राहिले. युरोपात लुफ्तान्साच्या आणि एअर फ्रान्स-केएलएमच्या योजनांनी २०१८ साली हाच पालट केला. त्यांनीही शब्द सोडला नाही.

या बदलाची कारणे समजण्यासारखी आहेत आणि ती निःपक्षपातीपणे मांडली पाहिजेत. २००८ ते २०१३ या काळात डेल्टा व नॉर्थवेस्ट, युनायटेड व कॉन्टिनेन्टल, अमेरिकन व यूएस एअरवेज यांची एकीकरणे झाली. स्पर्धक कमी झाले आणि विमाने भरून जाऊ लागली; शंभर जागांपैकी ऐंशीहून अधिक जागा विकल्या जात. रिकाम्या जागेचे फुकट बक्षीस आता फुकट राहिले नाही. शिवाय केवळ मैल साठविण्यासाठी लांबच्या वळणाची स्वस्त तिकिटे काढून उडणारे शोधक प्रवासीही निघाले होते. जो अधिक पैसे देतो त्याला अधिक द्यावे, ही कंपन्यांची भूमिका व्यापाराच्या दृष्टीने असमर्थनीय नव्हती. नियंत्रणाच्या काळी अंतर हे पैशाचे चिन्ह होते. ते तसे राहिले नाही म्हणून चिन्ह टाकून मूळ वस्तूच मोजावयास घेतली, असेही म्हणता येईल.

प्रश्न असा की हा भार कोणावर पडला. एक उदाहरण घेऊ. कॉन्टिनेन्टलने २००७ साली न्यू यॉर्कजवळच्या नेवार्कहून मुंबईला थेट विमान सुरू केले, आणि एकीकरणानंतर तो मार्ग युनायटेडकडे आला. हे अंतर सुमारे ७,८०० मैलांचे आहे. अमेरिकेत शिकणारा एखादा मराठी विद्यार्थी वर्षातून एकदा घरी आला-गेला, तर अंतराच्या हिशेबाने त्याला सुमारे १५,६०० मैल मिळत. वर्षात अशा दोन खेपा झाल्या तर २५,००० मैलांची पहिली श्रेणीही त्याच्या हाती येई. त्याच्या तिकिटाचे कर वगळून भाडे १,००० डॉलर धरले, तर मार्च २०१५ नंतर त्याच प्रवासाचे त्याला ५,००० मैल मिळू लागले. पूर्वीच्या एकतृतीयांशाहूनही कमी. उलट, वरच्या श्रेणीचा एखादा सभासद कंपनीच्या खर्चाने ६०० डॉलरचे तिकीट काढून दोनशे मैलांवरच्या शहरी जाऊन आला, तर त्याच्या खात्यावर ६,६०० मैल पडत. अर्ध्या पृथ्वीची फेरी पाच हजार मैलांची आणि शेजारच्या गावची फेरी साडेसहा हजारांची, असे हे नवे अंतरगणित झाले. लांब जाणारा, स्वतःच्या पैशाने जाणारा आणि स्वस्त तिकीट शोधणारा प्रवासी या बदलात मागे पडला. परदेशी राहून घराकडे येणारी आपली माणसे बहुधा याच वर्गातील होत.

आणखी एक बदल फारसा गाजला नाही, पण त्याचे महत्त्व कमी नाही. किती मैलांना कोठले तिकीट मिळेल याचा छापील तक्ता पूर्वी प्रत्येक योजनेत असे. डेल्टाने २०१५ साली आणि युनायटेडने २०१९ साली हा तक्ता काढून टाकला. तिकिटाची मैलांतील किंमत दिवसागणिक बदलू लागली. मिळणारा मैल नकाशावर पडताळता येत नव्हताच. आता खर्चावयाचा मैलही तक्त्यावर पडताळता येईना.

६

बक्षिसापाठोपाठ दर्जाची पाळी आली. वर्षाला २५,०००, ५०,००० किंवा अधिक मैल उडणाऱ्यास चांदी, सोने, प्लॅटिनम, हिरा अशा धातूंच्या आणि रत्नांच्या नावांच्या श्रेणी मिळत. आकड्यावरून दर्जा ठरण्याची ही रीत आपल्या वाचकांना अपरिचित नाही. मोगल दरबारातील मनसब आकड्यांतच सांगितली जाई. १६६६ साली आग्र्यास शिवाजी महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभे करण्यात आले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. मनसबीतील स्वारांचा आकडा मुळात बाळगावयाच्या घोडेस्वारांचा होता. पण शाहजहानच्या काळी त्याच्या तृतीयांश किंवा चतुर्थांश स्वार ठेवले तरी चालावे, असा नियमच झाला. आकडा उरला, घोडे उरले नाहीत. निष्ठायोजनांतील मैलांची गत याहून फार निराळी नाही.

डेल्टाने आणि युनायटेडने २०१४ पासून दर्जासाठी मैलांबरोबर वार्षिक खर्चाचीही अट घातली. पहिल्या श्रेणीसाठी ती २,५०० डॉलरची होती. वरील विद्यार्थ्याच्या दोन खेपांचे भाडे २,००० डॉलर. म्हणजे कार्डावरील मोठ्या खर्चाने मिळणारी सूट नसेल, तर मैल पुरे होऊनही त्याचा दर्जा गेला. अमेरिकननेही २०१७ पासून तशीच अट घातली. युनायटेडने २०२० पासून पात्रतेचे मैल रद्द करून भाड्यावर आधारलेले पॉइंट आणि उड्डाणांची संख्या हे निकष ठेवले. अमेरिकनने मार्च २०२२ पासून ‘लॉयल्टी पॉइंट’ हे एकच माप ठेवले आणि त्यात कार्डावरील खर्चही धरला. एकदाही विमानात न बसता विमानकंपनीचा दर्जा मिळविणे नियमाने शक्य झाले.

डेल्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले की पुढील वर्षापासून दर्जासाठी केवळ पात्रतेचे डॉलर मोजले जातील, आणि सर्वोच्च श्रेणीसाठी ते ३५,००० लागतील. २०१४ साली हाच आकडा १२,५०० होता. सभासदांत इतका असंतोष उसळला की कंपनीचे प्रमुख एड बास्टियन यांनी आपण मर्यादा ओलांडली हे जाहीरपणे मान्य केले, आणि ऑक्टोबरमध्ये आकडा २८,००० वर आणण्यात आला. माप मात्र डॉलरच राहिले. ब्रिटिश एअरवेजने २०११ सालीच आपले मैल टाकून ‘एव्हिऑस’ हे नवे नाव घडविले होते. १ एप्रिल २०२५ पासून तिने दर्जाचे पॉइंटही खर्च केलेल्या पौंडांवर बांधले, आणि सुवर्णश्रेणीसाठी २०,००० पॉइंटांची अट घातली. या सर्व प्रवाहात अलास्का एअरलाइन्सने अंतराचा हिशेब दीर्घकाळ टिकविला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिने नवी योजना जाहीर केली तेव्हाही अंतर, भाडे किंवा उड्डाणांची संख्या यांपैकी माप निवडण्याची मुभा सभासदाला ठेवली.

दरम्यान या चलनाचे खरे मोल २०२० च्या महासाथीत जगाला कळले. विमाने जमिनीवर उभी असताना युनायटेडने आपली निष्ठायोजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले; त्या योजनेची किंमत कंपनीने सुमारे २२ अब्ज डॉलर सांगितली, आणि ती त्या वेळच्या बाजारातील संपूर्ण कंपनीच्या किंमतीहून अधिक होती. डेल्टाने त्याच वर्षी ९ अब्ज आणि अमेरिकनने २०२१ साली १० अब्ज डॉलर याच मार्गाने घेतले. विमानाने योजना चालावी असा प्रारंभ होता. आता योजनेने विमान चालू लागले.

७

भारतातील घडामोडी याच क्रमाने, परंतु वेगाने झाल्या. मुंबईतून चालणाऱ्या जेट एअरवेजची योजना पुढे स्वतंत्र कंपनी झाली, आणि २०१४ साली एतिहादने तिचा अर्ध्याहून थोडा अधिक हिस्सा घेतला. एप्रिल २०१९ मध्ये जेटची विमाने थांबली. योजना मात्र थांबली नाही. त्याच वर्षी तिने ‘इंटरमाइल्स’ हे नाव धारण केले. विमान नसलेल्या विमानकंपनीचे मैल, असा हा शब्दार्थाच्या इतिहासातील दुर्मीळ नमुना होय. २०१५ साली उड्डाण सुरू करणाऱ्या विस्ताराने प्रारंभापासूनच भाड्यावर पॉइंट दिले. टाटा समूहाकडे गेलेल्या एअर इंडियाने एप्रिल २०२४ मध्ये आपली ‘फ्लाइंग रिटर्न्स’ योजना अंतरावरून खर्चावर आणली. त्या वर्षी नोव्हेंबरात विस्ताराचे विलीनीकरण झाले आणि योजनेस ‘महाराजा क्लब’ हे नाव मिळाले. १९४६ साली बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी मुंबईत जन्मास घातलेला तो महाराजा प्रवाशांपुढे लवून उभा असे. आता ते नाव प्रवाशांच्या मंडळाला लाभले आहे. मात्र त्या मंडळातील स्थान किती मैल गेला यावर ठरत नाही, किती खर्च केला यावर ठरते.

८

या इतिहासावरून काय निष्पन्न होते? मोजमाप बदलणे हा काही अपराध नव्हे. भाडे आणि अंतर यांची फारकत झाल्यावर अंतराला चिकटून राहणे कंपन्यांना परवडणारे नव्हते, हे मान्य करावे लागेल. आक्षेपाची जागा दुसरी आहे. सार्वजनिक मापाचे नाव घेऊन, त्या नावाबरोबर येणारा विश्वास घेऊन योजना उभारल्या गेल्या. माप काढून घेतले तेव्हा नाव आणि विश्वास मागे ठेवण्यात आले. ज्या कंपन्यांनी ‘पॉइंट’ असा अर्थशून्य शब्द योजिला, त्यांनी निदान प्रवाशाला सावध केले. ‘मैल’ म्हणणाऱ्यांनी तेही केले नाही.

‘निष्ठा’ या शब्दाचाही येथे विचार केला पाहिजे. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतात, त्यात मीठ देणाऱ्याचेही कर्तव्य गृहीत असते; इमान दुतर्फा चालते. निष्ठायोजनांत प्रवाशाची निष्ठा वर्षावर्षाला मोजली जाते आणि ३१ डिसेंबरास बहुधा शून्यावर येते. कंपनीची निष्ठा मोजण्याचे मात्र कोणतेही एकक नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने चार मोठ्या कंपन्यांकडून त्यांच्या योजनांतील मूल्यबदलांची माहिती मागविली, ती या उणिवेची उशिरा घेतलेली दखल होती.

अर्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत अर्थसंकोच, अर्थविस्तार, अर्थापकर्ष असे प्रकार सांगितले जातात, आणि त्या सर्वांच्या मागे भाषिक समाज हा कर्ता गृहीत धरलेला असतो. एका पक्षाने करारात राखून ठेवलेल्या अधिकाराने होणारे अर्थांतर हा प्रकार त्या वर्गीकरणात बसत नाही. बँकांचे ‘पॉइंट’, दूरध्वनी कंपन्यांचे ‘अमर्याद’, विमा-पत्रांतील ‘आजीवन’ या शब्दांकडे या दृष्टीने पाहिले, तर हा प्रकार एकट्या ‘मैला’पुरता नाही हे दिसून येईल. नियमावल्यांची भाषा रूक्ष असते म्हणून भाषाशास्त्राचे विद्यार्थी तिच्याकडे सहसा फिरकत नाहीत. परंतु आज सामान्य माणसाच्या व्यवहारातील कित्येक शब्दांचे अर्थ तेथेच घडत आणि मोडत आहेत. त्यांच्या आवृत्त्या तारीखवार जपून ठेवणे आणि त्यांची तुलना करणे, हे काम आपल्या विभागाच्या आवाक्यातले आहे.